पुण्यात सगळं मिळतं, आत्या

आत्या, पालमच्या स्टँडसमोर तुझा बॅनर लागलाय. तू बघितला असतास तर आधी हसली असतीस आणि मग पायातली चप्पल काढली असतीस. वरच्या ओळीत पाच पुढारी, खालच्या ओळीत त्यांचे कार्यकर्ते, आणि मधे उरलेल्या जागेत आधार कार्डावरून उचललेला तुझा फोटो, ज्यात तू फोटो काढणाऱ्यावर डोळे वटारून बघतेयस. खाली लिहिलंय, धार्मिक, मनमिळाऊ, कष्टाळू. संपलं. त्या पाचांतल्या एकाला जरी तू कोण होतीस हे ठाऊक असलं तर मी नाव बदलीन. धार्मिक म्हणे! पोखर्णीच्या नरसिंहाशी तू देवळात उभी राहून भांडायचीस, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

तुझं तेरावं उरकून मी पुण्याला परत आले त्याला आठ दिवस झाले. रडून झालंय. राग मात्र उतरत नाही. तो कोणाकोणावर आहे ते तुलाच सांगायला बसलेय, कारण माझ्या रागाला न घाबरणारी तू एकटीच होतीस. यादीत तूही आहेस. सगळ्यात वर मी आहे, पण ते शेवटी सांगते, एवढी सवड दे.

सुरुवात आपल्या भांडणापासून करू. मला सातवा महिना होता. तू फोनवर म्हणालीस, "वैशे, बाळंतपणाला पालमला ये. तुझी माय गुडघ्याचं आपरेशन करून बसलीय, तिच्यानं व्हायचं न्हाई. मी करते समदं."

मी म्हटलं, "आत्या, तिथं काय आहे?"

"मी हाय की."

मी हसले. तू बाबांची थोरली बहीण, गयाबाई, शाळेचं तोंड न बघितलेली, निम्मी हयात ऊसतोडीत गेलेली. मी इंजिनिअर, कंपनीत टीम लीड. मी म्हटलं, "पुण्यात सगळं मिळतं, आत्या." तू म्हणालीस, "मिळत आसंल बाई."

मिळालं ना. हॉस्पिटलात बोलणारी लिफ्ट मिळाली. तळमजल्यावर कॉफीचं दुकान मिळालं. खोलीत सोफा, भिंतीवर हसऱ्या गोऱ्या बाळाचं चित्र. नाव मोठं, लक्षण खोटं. सई झाली त्या संध्याकाळी ती छातीशी तोंड न्यायची, तोंड वळवायची आणि टाहो फोडायची. ड्युटीवरची सिस्टर दारातूनच म्हणाली, "दूध आलं नाही वाटतं. पावडरचं देऊ या." आणि माझ्या सासूबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांनी पिढ्यानपिढ्यांच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवलं, त्या म्हणाल्या, "पहिलं दूध जड असतं. ते काढून टाकायचं. आमच्यात तसंच करतात." आणि एवढी शिकलेली मी! मी ऐकलं. दोन चमचे पिवळं दाट दूध कापसानं टिपून कचऱ्यात टाकलं.

तुझा फोन आला तेव्हा मी हे सहज सांगून गेले. फोन स्पीकरवर होता आणि सासूबाई समोर बसल्या होत्या. "म्हैस व्याली का चिकासाठी तांब्या घेऊन लोकाच्या दारात उभे राहतेत," तू कडाडलीस. "खरवस करून गल्लीभर वाटतेत. आन बाईचा चीक कचऱ्यात? आगं रेडकाला कळतंय ते तुमाला कळंना व्हय? आता जे येईल ते लेकराच्या तोंडात घाल. थेंब आला तर थेंब." सासूबाई उठून बाहेर गेल्या. मला लाज वाटली. तू म्हशीचा दाखला दिलास याची. कापसावर टिपलेल्या दुधाची लाज वाटायला मला अजून बरेच दिवस लागायचे होते.

हॉस्पिटलातून निघताना चिठ्ठीवर पावडरच्या दुधाचं नाव लिहून मिळालं. बाळाला अंगावर कसं पाजायचं हे कोणी सांगितलं नाही, पाजता आलं नाही तर काय विकत घ्यायचं ते मात्र लिहून दिलं.

मग मी शोधायला लागले. या शहरात मोबाईलची काच फुटली तर माणूस घरी येतो. बाळाला पाजता येईना तर कोणी येतं का, ते विचार. स्तनपान तज्ज्ञ बाई मंगळवारीच बसायच्या आणि पुढचा मंगळवार भरलेला होता. "तोवर बाळानं काय करायचं?" मी विचारलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, वेटिंगवर टाकू का?" लेकराच्या भुकेला वेटिंग! दुसऱ्या एक व्हिडिओवर भेटल्या. "फोन थोडा खाली घ्या, थोडा डावीकडं, आता दिसत नाहीये," असं करता करता त्यांचं चित्रच गोठलं. आयांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर रडत लिहिलं, तर शंभर लाल बदाम आले. एकही बाई आली नाही. आणि सई रोज हलकी होत चालली होती. तिचे ओठ सुकले होते, रडण्यातला जोर गेला होता. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, दोन दिवसांत वजन वाढलं नाही तर भरती करावं लागेल. मी बाटली तोंडाला लावायची, ती ओकायची. छाती दगडासारखी घट्ट, हात लावला तरी कळ यायची, आणि लेकरू उपाशी.

पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली आणि दारात तू. परभणीहून ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवर बसून आलेली, एका हातात हाळिवाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी. खाली वॉचमननं तुला विचारलं होतं, "कुठल्या फ्लॅटला कामाला लागलात?" त्याच्याशी मी नंतर भांडून घेतलं, तो हिशोब वेगळा. तू हात कोपरापर्यंत धुतलेस, माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "जेवलीस का?"

पाच दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी तिथंच फुटले.

"रडायलीस कामून? दूध कुठं पळून जायलंय का? हाय तिथंच हाय." असं म्हणत तू खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलंस. माझ्या नवऱ्याला, सासूबाईंना आणि माझ्या मोबाईललासुद्धा. मला मागं टेकवून बसवलंस. मी सवयीनं सईवर वाकायला लागले तशी तू खांद्याला धरून मागं ओढलंस. "वाकू नको. लेकराला वर आण. घागर विहिरीकडं नेतेत का विहीर घागरीकडं?"

तिचं पोट माझ्या पोटाला लावलंस, हनुवटी टेकवलीस. "आता दम धर. नुसतं टोक धरलं तर तिला काई मिळंना आन तुला जखम. आ करू दे. मोठा आ करू दे. हं, आत्ता!"

सईनं धरलं. मी बोलायला तोंड उघडलं तर तू म्हणालीस, "गप. ऐक." आणि मला घोटाचा आवाज आला. मग जरा थांबून दुसरा. आत्या, तो आवाज ऐकायला त्या चकचकीत इमारतीतलं एक माणूस माझ्याजवळ अर्धा तास बसलं नव्हतं. अर्धा तास! तुला तेवढाच लागला. मला त्यांचा राग येतो तो याचा. त्यांना येत नव्हतं असं नाही, त्यांना बसायचं नव्हतं.

दोन दिवसांनी वजन केलं. काटा पुढं सरकला होता. डॉक्टर म्हणाले, "छान, पावडर मानवली वाटतं." तू बाहेर बाकावर बसली होतीस. मी नुसती हसले. ते माझं पहिलं गप्प बसणं.

तू महिनाभर राहिलीस. दुपारी सई झोपली की ऊसतोडीच्या गोष्टी सांगायचीस. दिवाळी झाली की तू आणि मामा, तुझे मालक, कारखान्याच्या टोळीत जायचात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात तिथं. माणसं दोन, हात चार, पण मोजायला कोयता एक आणि नाव नवऱ्याचं. धाकट्याच्या वेळी तू कोपीत बाळंत झालीस, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, आणि बाराव्या दिवशी फडात उभी राहिलीस, कारण मुकादम म्हणाला होता, "अर्धा कोयता मला चालत न्हाई." दूध भरून यायचं, चोळी भिजायची. मग तू उसाच्या आडोशाला बसून स्टीलच्या वाटीत हातानं दूध काढायचीस, ओल्या फडक्यानं झाकून बैलगाडीखाली सावलीत ठेवायचीस. तुझी सासू कोपीवरून यायची, वाटी न्यायची आणि पोराला चमच्यानं पाजायची. तीच सासू, जिच्या सांगण्यावरून तू थोरलीच्या वेळी चीक फेकला होतास.

"तू कसा फेकलास?" मी विचारलं होतं. "तू का ऐकलंस?"

"तू कामून ऐकलंस?" तू म्हणालीस.

पण या गोष्टी तू हसत सांगायचीस, आणि माझं टाळकं सरकायचं. मुकादमाची नक्कल करायचीस, त्याचं ते "अर्धा कोयता" नाकातून बोलून दाखवायचीस. मी म्हणायची, आत्या, ह्यात हसण्यासारखं काय आहे? त्या माणसाच्या थोबाडीत का नाही दिलीस? तू म्हणायचीस, "मंग रडू का? रडल्यावर दूध आटतंय." हे भांडण आपण संपवलंच नाही. मला अजून वाटतं, तू भांडायला हवं होतंस. देवाशी भांडायचीस, मुकादमाशी नाही. हा माझा तुझ्यावरचा राग, आणि तो तू घेऊन जा.

सई सात महिन्यांची झाली आणि मी कामावर गेले. महिन्याभरानं पालमला परतताना तू तुझी ती स्टीलची वाटी माझ्याकडं ठेवून गेली होतीस. दूध काढायचं यंत्र मी आणलं होतं, पण ते घुरघुरायचं आणि दुखायचं. तुझ्या पद्धतीनं हातानं काढलं की दोन्ही बाजूंचं वीस मिनिटांत व्हायचं. कंपनीच्या माहितीपत्रात गुळगुळीत कागदावर छापलं होतं, "स्तनपान कक्ष". कक्षाला कुलूप. काचेतून बघितलं तर आत मोडक्या खुर्च्या, जुने मॉनिटर आणि गणपतीच्या सजावटीचं थर्माकोल. चावी कोणाकडं आहे हे कोणालाच माहीत नाही. मग मी संडासाच्या झाकणावर बसून माझ्या लेकीचं जेवण काढायला लागले. त्याच जागी बसून साहेबांना डबा खायला सांगा बघू. आठवड्याभरात मॅनेजरनं बोलावलं. "वैशाली, दिवसातून दोनदा तू सीटवर नसतेस. टीमवर परिणाम होतो." मला तो ओळखीचा वाटला. नाकातून बोलत नव्हता, एवढाच फरक. तुला मुकादम उसाच्या फडात भेटला, मला काचेच्या इमारतीत. मधे एवढी वर्षं गेली, आणि बाईनं पोराला पाजायचं कुठं हा प्रश्न कोणी हलवलासुद्धा नाही.

मी मात्र भांडले, आत्या. तीन महिने मेल लिहिले, फोटो काढून पाठवले, मीटिंगमध्ये उभी राहिले. थर्माकोल गेलं, खुर्च्या आल्या, छोटा फ्रिज आला, दाराला कार्डाचं कुलूप आलं. मला वाटलं, जिंकले.

मग आला महिला दिन. सगळ्या जांभळ्या साड्यांत. एचआरच्या मॅडमनी मला स्टेजवर बोलावलं आणि माईक पुढं करून विचारलं, बाळ आणि काम दोन्ही सांभाळलंस, तुझ्या पाठीशी कोण होतं? सरळ प्रश्न होता. मी इंग्रजीत उत्तर दिलं, एक ॲप आणि एक सर्टिफाइड कन्सल्टंट. टाळ्या पडल्या.

का? "माझी आत्या, ती ऊस तोडायची" हे वाक्य जिभेवर आलं होतं. समोर ती माणसं बघितली, आणि ते मी गिळलं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. मी तर वैद्य जिवंत असतानाच त्याला पुसून टाकलं.

कंपनीनं त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला, आणि माझ्या भावानं तो तुला दाखवला. तुझा फोन आला. "इंग्रजीत हुतं, मला काई कळलं न्हाई. पण साडी लय शोभायली बग तुला." मग जरा थांबून, हसत विचारलंस, "माझं नाव घेतलं का गं?"

"घेतलं ना, आत्या."

"आगाव कुठली! मला कशाला मधी आणायचं?" तू म्हणालीस. तुझ्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो, आणि तो सहन होत नाही. त्याच फोनवर तू पुढं विचारलंस, "त्या खोलीत झाडायपुसायच्या बायांना बी जाऊ देतेत का गं? त्यांना बी लेकरं आसतेल की." मी म्हटलं, देत असतील. मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात तू गेलीस. खरं सांगायला म्हणून मी सुट्टी टाकली होती, असं मी लिहू शकते, पण ते तिसरं खोटं होईल. मी सांगणार नव्हते. तुझ्या दारात मी पोचले तेव्हा तुला स्मशानात पोचवून माणसं परत आली होती. ओसरीवर बसलेली एक म्हातारी मला जवळ घेऊन म्हणाली, "तूच का वैशाली? हजार माणसात गयाबाईचं नाव घेतलीस म्हणं. समद्या गल्लीला सांगितलं तिनं. लय खुश हुती." मी तिचा हात धरून बसले. मान वर केली नाही. सगळ्यांना वाटलं, दुःखानं.

पुण्याला आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये गेले, तर रंजना बेसिनवर वाकून उभी होती. ती आमच्याकडं साफसफाईला आहे, कंत्राटावर. बाळ चार महिन्यांचं, घरी जावेजवळ असतं. तिचा ब्लाउज भिजला होता आणि ती दात आवळून बेसिनमध्ये दूध पिळत होती. नळ सोडला होता. दूध वाहून जात होतं.

मी म्हटलं, "अगं, खोलीत का जात नाहीस?"

"कार्ड लागतं मॅडम. आमचं चालत नाही तिथं."

"तू ती खोली बघितलीस तरी का?"

"रोज सकाळी पुसते की. सुपरवायझर उघडून देतो, पुसून झालं की लावून घेतो."

आत्या, मी भांडून आणलेलं कुलूप होतं ते.

माझ्या ड्रॉवरमधून तुझी वाटी काढली, उकळत्या पाण्यानं धुतली. माझ्या कार्डानं खोली उघडून रंजनाला आत नेऊन पडद्यामागं बसवलं. "हात कोपरापर्यंत धू," मी म्हटलं. "आणि वाकू नकोस, मागं टेक." वाटी भरली, झाकली, फ्रिजमध्ये ठेवली. संध्याकाळी रंजना ते दूध डबीत घालून घरी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "मॅडम, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

तिला मी खरं सांगितलं. एका दमात सांगितलं, कोपी, फड, वाटी, सगळं. पण तिला सांगणं सोपं होतं गं. खोटं मी तिच्यापुढं बोललेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दाराच्या कुलपाच्या खाचेत पुठ्ठ्याची घडी ठोकून बसवली. दार लागतं, कुलूप लागत नाही. साफसफाईच्या बाकीच्या बायांनाही सांगून ठेवलं. तीन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. आज दुपारी आलं. सुपरवायझर आला, त्याच्या मागं ॲडमिनचे दोघं, आणि त्यांच्या मागं महिला दिनाला माईक धरणाऱ्या त्याच मॅडम. पडद्यामागं रंजना होती, म्हणून मी दाराशीच खुर्ची टाकून बसले होते.

"वैशाली, हे काय चाललंय?" मॅडम म्हणाल्या. "यांना आत सोडायला परवानगी कोणी दिली?"

मी म्हटलं, "गयाबाईंनी."

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोण गयाबाई? कुठल्या डिपार्टमेंटच्या?"

मी बाजूची खुर्ची ओढून त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, "बसा. सांगते."